ठाणे ते कन्याकुमारी, मागे ट्रेलर-घर जोडून: नियोजनात मदत हवी आहे

कोलशेतकर (ठाणे पश्चिम)

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचतोय, धागा मात्र पहिल्यांदाच काढतोय.

गेल्या जूनमध्ये मी निवृत्त झालो. सौ. ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवत होती. दरवर्षी फळ्यावर भारताचा नकाशा काढायची आणि खालच्या टोकावर खडू टेकवून मुलांना तीन समुद्रांची नावं विचारायची. स्वतः तिथं कधी गेली नाही. आधी मुलांची शिक्षणं, मग सासूबाईंचं आजारपण, मग तिचे गुडघे. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत, खाली बसता येत नाही. वाटेतल्या स्वच्छतागृहांची धास्ती इतकी की नाशिकला जायचं असलं तरी सकाळपासून पाण्याला शिवत नाही. म्हणून हा ट्रेलर घेतला. आत कमोड आहे, हे एकच कारण मला पुरेसं वाटलं.

ट्रेलर जुना घेतला आहे. १६ फुटी, एकाच धुऱ्याचा, आत दोन बिछाने, ओटा, छोटा फ्रीज आणि संडास. रिकामं वजन ९४० किलो, भरून १,३०० पर्यंत चालेल असं पाटीवर लिहिलंय. ओढायला चार दरवाजांची डिझेल पिकअप आहे. सोसायटीच्या पोडियममध्ये उंचीमुळे ट्रेलर जात नाही, त्यामुळे तो साडूंच्या मुरबाडच्या जागेत उभा आहे.

बेत असा: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं. आमण्याहून समृद्धी महामार्ग धरून नागपूर, तिथून हैदराबाद, बंगळुरू, मदुराई, कन्याकुमारी. येताना तिरुवनंतपुरम, कोची, मंगळूर, गोवा, पनवेल. सगळं मिळून ४,००० किलोमीटरच्या थोडं वर. रोज साडेतीनशे-चारशे धरले तर १२ दिवसांत परत. जमेल ना? काय राहून गेलंय ते सांगा.

भटकी_माई (नवीन पनवेल)

काका, आधी वहिनींना नमस्कार सांगा. कमोडचं कारण वाचून गलबलून आलं. मी आणि आमचे हे गेली चार वर्षं ट्रेलर घेऊन फिरतोय, आणि आमचीही सुरुवात अगदी ह्याच कारणानं झाली. बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, हे घरच्या पुरुषांच्या लक्षात यायला फार वेळ लागतो. तुमच्या आलं.

पण १२ दिवस? नाही हो काका. गाडीनं चारशे किलोमीटर म्हणजे सात तास, पण ट्रेलर मागे असला की तेच नऊ-दहा तास होतात. वेग कमी, थांबे जास्त, पेट्रोल पंपावर वळायला जागा शोधा, प्रत्येक थांब्याला हिच (गाडीला ट्रेलर अडकवायचा जोड) आणि चाकं बघा. मुक्कामी पोचल्यावर ट्रेलर समतल करा, टेकू लावा, पाणी जोडा, वीज जोडा. हे सगळं अंधारात करायची वेळ आली की दोघांचीही चिडचिड होते. आमचा नियम सरळ आहे: दिवसाला फार तर अडीचशे, दुपारी चारच्या आत मुक्काम, आणि दर तिसऱ्या दिवशी चाक हलवायचं नाही. तुमच्या बेताला २४ ते २६ दिवस द्या.

दुसरं, डिसेंबरअखेर नको. तामिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. शिवाय नाताळच्या सुट्टीत गोवा-केरळ भरलेलं, आणि १४-१५ जानेवारीला पोंगलमुळे तिकडचे सगळे रस्ते गावाकडे निघालेल्या लोकांनी तुडुंब. संक्रांत घरी करा, तिळगूळ बरोबर घ्या आणि २० जानेवारीनंतर निघा. हवा छान असते, रात्री पंख्यावर झोप लागते.

ग्रीसगन (रबाळे एमआयडीसी)

कोलशेतकर काका, मी ट्रेलरचे धुरे आणि ब्रेक ह्यांचंच काम करतो, म्हणून रस्त्याबद्दल काही बोलत नाही. वजनाबद्दल बोलतो, कारण मार्ग चुकला तर वळून परत येता येतं, वजन चुकलं तर येता येत नाही.

९४० आणि १,३०० ह्यातला फरक ३६० किलो. त्यात ८० लिटरची पाण्याची टाकी भरली की ८० किलो गेले. बॅटऱ्या, गॅस, भांडी, गाद्या, कपडे, धान्य, छत्री-खुर्च्या, हत्यारं... लोक ह्या सगळ्याचं वजन कधीच करत नाहीत, अंदाजानं भरतात. तुम्ही सामान भरून वजनकाट्यावर जा. भिवंडीला, कळंबोलीला पावलापावलावर काटे आहेत.

पण एकूण वजनापेक्षा महत्त्वाचं आहे ते हिचवर किती भार येतो. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढे, हिचच्या गोळ्यावर यायला हवा. म्हणजे १,२०० किलोचा ट्रेलर असेल तर १२० किलोच्या पुढे. हा भार कमी असला, म्हणजे सामान मागच्या बाजूला जास्त झालं, की ट्रेलरचं शेपूट डोलायला लागतं. वेग वाढला की डोलणं वाढतं, आणि एका मर्यादेपलीकडे ते पुढच्या गाडीलाही ओढून नेतं. उलट बाजूनं, भार फार झाला तर पिकअपची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हलकं लागतं. शिवाय हा १२०-१३० किलोचा भार पिकअपच्या स्वतःच्या भारक्षमतेतून वजा होतो. त्यामुळे हौद्यात किती टाकायचं तेही मोजा. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा आणि हिचवरच्या भाराची मर्यादा दोन्ही बघा, आणि जी आधी संपेल तिथं थांबा.

हा भार घरी मोजता येतो. एक जाड फळी घ्या. एका टोकाखाली वीट, दुसऱ्या टोकाखाली माणसाचं वजन करायचा साधा काटा. वीट आणि काटा ह्यांत बरोबर तीन फूट अंतर. ट्रेलरची जीभ, म्हणजे पुढचा जोडदांडा, विटेपासून एक फुटावर फळीवर टेकवा. काटा जे दाखवेल त्याला तीननं गुणा. आधी फळीचं वजन वजा करायला विसरू नका, आणि ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावा.

टायरचं वय बघितलंत का? बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. ट्रेलरचे टायर झिजून कमी आणि उभे राहून जास्त खराब होतात. नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर आतून तडकलेलं असतं. पाच-सहा वर्षं झाली असतील तर बदला, स्टेपनीसकट. समृद्धीचं काँक्रीट दुपारी तापतं, तिथं जुना टायर टिकत नाही. हवा सकाळी टायर थंड असताना भरा. चाकांचे नट पहिल्या ५० आणि मग १०० किलोमीटरला पुन्हा टॉर्क पान्यानं आवळा. बेअरिंग उघडून ग्रीस नवीन भरा.

ब्रेक कुठले आहेत तेवढं कळवा.

सानपाडा४३ (सानपाडा)

कागदपत्रांविषयी लिहितो. ट्रेलरची नोंदणी स्वतंत्र असते, त्याचा नंबर वेगळा, आरसी वेगळी, विमा वेगळा. जुना घेतला आहे म्हणता, तर नावावर झाला का? तुमचं आरटीओ ०४, पण ट्रेलर दुसऱ्या आरटीओचा असेल तर तिथलं ना-हरकत आणा. पिकअपला हिच बाहेरून बसवला असेल तर तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बदल धरला जाऊ शकतो, म्हणून आरटीओत जाऊन आधीच विचारा आणि मंजुरीचा कागद बरोबर ठेवा. विमा कंपनीला ‘ही गाडी ट्रेलर ओढणार आहे’ असं लेखी कळवा. दावा करायची वेळ आली की पहिला प्रश्न हाच येतो.

आमच्या बाबतीत एका टोलनाक्यावर मागच्या चाकांमुळे यंत्रानं आमची गाडी मोठ्या मालवाहू वर्गात धरली आणि पैसे जास्त कापले. दोन्ही आरसी हातात होत्या म्हणून निदान तक्रार नीट नोंदवता आली. राष्ट्रीय महामार्गावर फास्टॅग असो की बंद पडलेली गाडी, १०३३ हा नंबर लावायचा. तो फोनमध्येच नव्हे, ट्रेलरच्या दारामागेही लिहून ठेवा.

मागचे दिवे सात पिनच्या सॉकेटनं जोडलेले असतील. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतोय असं दिसलं तर अर्थची तार गंजलेली असते. आपल्या खाडीच्या हवेत हे फार लवकर होतं.

कोलशेतकर (ठाणे पश्चिम)

सगळ्यांचे मनापासून आभार. हिचवरच्या भाराविषयी मला खरंच काही माहीत नव्हतं. आरसी माझ्या नावावर झाली आहे, विमा कंपनीला पत्र उद्या देतो. टायरवर १४१८ लिहिलंय, म्हणजे २०१८ सालचा चौदावा आठवडा. दोन्ही आणि स्टेपनी बदलतोय.

ब्रेक ओव्हररन पद्धतीचे आहेत असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. म्हणजे नक्की काय?

ग्रीसगन (रबाळे एमआयडीसी)

पुढची गाडी हळू झाली की ट्रेलर मागून रेटा देतो. त्या रेट्यानं जिभेतला दांडा आत सरकतो आणि तोच दांडा ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक ओढतो. विजेच्या तारा नाहीत, बटण नाही, सगळं यांत्रिक. चांगली पद्धत आहे, पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. उताराला ट्रेलर सतत रेटत असतो, म्हणजे ब्रेक सतत थोडे लागलेले राहतात आणि तापतात. चढावर मागे घेताना रेटा उलटा येतो आणि ब्रेक लागून बसतात, तेव्हा तुमच्या जिभेवर रिव्हर्सची खिट्टी आहे का ते बघून ठेवा. आणि तिसरं, ट्रेलर डोलायला लागला तर फक्त ट्रेलरचा ब्रेक वेगळा दाबता येत नाही. त्यासाठी विजेवर चालणारे ब्रेक लागतात.

डोललाच तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ आणि घट्ट धरा, वेग आपोआप उतरू द्या. जोरात ब्रेक मारायचा नाही, डोलण्याच्या उलट स्टिअरिंग फिरवायचं नाही, आणि वेग वाढवून तर अजिबात बघायचं नाही.

ट्रेलर सुटल्यास ब्रेक ओढणारी तार असते ती पिकअपच्या चासीला अडकवा, हिचच्या गोळ्याला नाही. साखळ्या दोन, जिभेखाली एकमेकींना छेद देऊन. कधी जीभ सुटलीच तर ती त्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही.

घाटमाथा (कळंबोली)

माझे वडील ३० वर्षं कळंबोलीहून दक्षिणेला मालाचे ट्रेलर न्यायचे. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मी केबिनमध्येच असायचो. त्यामुळे तुमच्या मार्गावर थोडं लिहितो.

समृद्धी निवडलीत ते योग्य केलंत. कसारा घाट टळतो, इगतपुरीच्या आठ किलोमीटरच्या बोगद्यातून सरळ वर निघता. शेवटचा ७६ किलोमीटरचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून ठाणेकरांना हा रस्ता दारातच आल्यासारखा आहे. पण माजिवडा ते वडपे पहाटे पाचच्या आत पार करा, नंतर तिथं अवजड गाड्यांमध्ये अडकाल. समृद्धीवर वेगमर्यादा १२० असली तरी ती तुमच्यासाठी नाही. डावी मार्गिका आणि ७०-८०. पंप आणि खाण्याच्या सोयी लांब लांब आहेत, टाकी अर्धी झाली की पुढच्या पंपावर भरून घ्या. सरळसोट रस्त्यानं डोळ्यांवर झापड येते, म्हणून दर तासाला थांबायचं. कडेला नव्हे, ठरलेल्या थांब्यावरच.

नागपुरात शिरायची गरज नाही. वर्ध्याला समृद्धी सोडा, हिंगणघाटला ४४ नंबरचा महामार्ग मिळतो. वहिनी शिक्षिका आहेत म्हणून सांगतो, वर्ध्याजवळ सेवाग्रामला एक दिवस द्या. गांधीजी १९३६ पासून तिथं राहत होते, बापूकुटी अजून तशीच आहे. हैदराबादला बाहेरचा रिंगरोड धरा, मेडचलकडून शमशाबाद. बंगळुरूतही आत जाऊ नका, देवनहळ्ळीच्या बाजूनं होसकोटेमार्गे होसूर गाठा.

आता खरी काळजीची जागा. धर्मपुरी सोडून सेलमकडे जाताना तोप्पूरचा घाट लागतो. दिसायला घाट वाटतच नाही, रुंद चौपदरी रस्ता, साधी वळणं. पण उतार लांबच लांब आहे, आणि तिथं मालाच्या गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन फार अपघात झालेत. वडील उतार सुरू व्हायच्या आधी गाडी बाजूला घ्यायचे, उतरून हातोडीनं टायर ठोकून बघायचे, आणि मग खालच्या गिअरमध्ये घालूनच निघायचे. ‘ज्या गिअरनं चढशील त्याच गिअरनं उतर,’ असं म्हणायचे. तुमच्या ओव्हररन ब्रेकला तिथं इंजिनच वाचवेल. उतार संपल्यावर थांबा, हाताची पालथी बाजू चाकाच्या मध्याजवळ न्या. हात लावू नका, नुसती धग जाणवते. दोन चाकांतलं एक जास्त गरम असेल तर त्या बाजूचा ब्रेक अडकतोय.

तिरुनेलवेलीच्या पुढे नागरकोइलकडे जाताना आरलवायमोळीची खिंड आहे. तिथं मुप्पंदलच्या पवनचक्क्या शेकड्यानं दिसतील. पवनचक्क्या तिथं उगाच नाहीत, वारा आडवा येतो. खरा जोर नैऋत्य मोसमी वाऱ्यात असतो, पण फेब्रुवारीतही वेग ५०-६० वर आणा. बस शेजारून गेली की आधी ट्रेलर बाजूला ढकलला जातो आणि मग तिच्याकडे ओढल्यासारखा होतो. दोन्ही वेळा स्टिअरिंग सरळ.

येताना ६६ नंबरवर केरळात सहापदरीचं काम जागोजागी चालू आहे, तिथं दिवसाला दीडशेच धरा. कोकणात कशेडीला बोगदा झाल्यानं जुना घाट सुटतो. परशुराम घाट मात्र उजेडात पार करा.

अर्धा_कप (घणसोली)

छान चर्चा. एक विचारू का, एसी चालेल का ट्रेलरमध्ये? आमचाही विचार चाललाय.

ग्रीसगन (रबाळे एमआयडीसी)

बॅटरीवर रात्रभर नाही. हिशेब सोपा आहे. १२.८ व्होल्टची १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे १,२८० वॅट-तास. एक टनाचा एसी तासाला हजाराच्या आसपास खातो, म्हणजे तास-सव्वा तासात बॅटरी रिकामी. तोच छोटा १२ व्होल्टचा फ्रीज दिवसाला साधारण ५००, दोन पंखे आणि दिवे मिळून २००-३००. हे आरामात भागतं. छतावर २०० वॅटचं पॅनेल असेल तर जानेवारीच्या उन्हात त्यातलं बरंचसं परत भरतं. एसी फक्त मुक्कामी बाहेरची वीज मिळाली तरच.

आणि बाहेरची वीज घेताना एक गोष्ट कृपा करून टाळू नका. ढाब्यावर, लॉजवर अर्थिंग असतंच असं नाही. दोनशे-तीनशे रुपयांचा सॉकेट टेस्टर मिळतो, तो लावून बघितल्याशिवाय ट्रेलर जोडायचा नाही. ट्रेलरचं अंग पत्र्याचं आहे, पाऊल ओल्या जमिनीवर आणि हात दाराच्या कडीवर, म्हणजे काय होईल ते बघा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच, बसवून घ्या. केबल २.५ चौरस मिलिमीटरची, आणि रिळावरून पूर्ण सोडून वापरा. गुंडाळलेली ठेवली तर ती आतल्या आत तापते.

खोपटकर (ठाणे)

कोलशेतकर साहेब, राग मानू नका, काळजीनं विचारतोय. ह्या वयात एवढा भार ओढत नेण्यापेक्षा नागरकोइलपर्यंत रेल्वेनं जा, तिथं चांगलं हॉटेल घ्या, टॅक्सी करा. चार दिवसांत बघून याल, खर्चही कमी. पिकअपचं मायलेज ट्रेलर लावल्यावर ८ वर येईल, ४,१०० किलोमीटरला पाचशे लिटरच्या वर डिझेल झालं.

कोलशेतकर (ठाणे पश्चिम)

खोपटकर, राग कसला. ह्याचं उत्तर सौ. स्वतः देते म्हणाली, ती सांगतेय तसं टाइप करतोय.

“नमस्कार. रेल्वेचं तिकीट ह्यांनी दोनदा काढलं होतं. दोन्ही वेळा मीच नको म्हटलं. ३० तास त्या संडासात मला जाता येत नाही, आणि तेवढा वेळ उपाशी बसून राहायचं माझं वय राहिलं नाही. पण कारण तेवढंच नाही. मी मुलांना दख्खनचं पठार शिकवलं, काळी माती कुठं संपते आणि तांबडी कुठं सुरू होते ते शिकवलं, गोदावरी, कृष्णा, पेन्नार, कावेरी ओळीनं पाठ करून घेतल्या. मला त्या नद्या त्याच क्रमानं ओलांडायच्या आहेत. रात्री झोपेत नाही, दिवसा, हळूहळू. डिझेलचे पैसे माझ्या निवृत्तिवेतनातले आहेत.”

भटकी_माई (नवीन पनवेल)

वहिनी, तुमचं वाचून डोळे भरून आले. पूल आला की थांबता येत नाही, पण पलीकडे गेल्यावर नक्की थांबा. आता तुमच्यासाठीच लिहिते.

कॅसेटचा संडास (खालची टाकी बाहेर काढून रिकामी करायची तो) साधारण २० लिटरचा असतो, दोघांना दोन-अडीच दिवस जातो. तो रिकामा करायचा तो फक्त संडासातच. शेतात नाही, नाल्यात नाही, पंपाच्या मागे नाही. पंपावर किंवा लॉजवर आधी विचारा, सफाई करणाऱ्या ताईंच्या हातात पैसे द्या, नंतर जागा स्वतः धुवा. निळं रसायन जपून, शोषखड्ड्यातले जंतू त्यानं मरतात. आम्ही जैविक पावडर वापरतो.

८० लिटर पाणी दोघांना काटकसरीनं अडीच दिवस पुरतं. पिण्याचं वेगळं, २० लिटरच्या जारमध्ये. प्रवासात टाकी अर्धीच ठेवा, मुक्कामाच्या जवळ भरा. सांडपाण्याला खाली बादली लावा आणि झाडांना घाला, साबण कमी असला की चालतं.

गॅस गाडी चालताना बंद, रेग्युलेटर काढून. सिलिंडर बाहेरच्या पेटीत, आणि त्या पेटीला तळाशी भोकं हवीत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. रात्री खिडकी बोटभर उघडी.

स्वयंपाक मी एकवेळचाच करते. पिठलं, भात, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. दक्षिणेत सकाळी इडली दहा पावलांवर मिळते, तिथं स्टोव्ह कशाला पेटवायचा? घरचा गोडा मसाला मात्र न्या, पंधराव्या दिवशी आमटीची आठवण येतेच.

मुक्कामासाठी मी आधी फोन करते आणि एकच वाक्य बोलते: “आम्ही दोघं, मागे सोळा फुटी ट्रेलर, एका रात्रीपुरती उभी करायला जागा आणि एक पंधरा अँपिअरचा प्लग हवाय, खोलीचे पैसे देऊ.” खोलीचे पैसे म्हटलं की नाही म्हणत नाहीत. पर्यटन महामंडळाची निवासस्थानं, देवस्थानांचे भक्तनिवास, मोठे पंप. राज्याचं कॅरव्हॅन (अशा फिरत्या घरांचं) धोरण २०२१ मध्ये आलं, केरळचंही त्याच वर्षी, पण अजून खास कॅरव्हॅन पार्क शोधून सापडेल अशी आशा धरून निघू नका. आत जायच्या आधी काकांना खाली उतरून चालत बघायला लावा: फांद्या किती खाली, वीजतारा किती खाली, आणि वळून बाहेर येता येईल का. मागे घेताना स्टिअरिंग खालून धरायचं. हात उजवीकडे नेला की ट्रेलरचं शेपूट उजवीकडे जातं. वहिनी मागे उभ्या राहून खुणा करतील, पण आरशात दिसतील अशाच जागी. त्या दिसेनाशा झाल्या की गाडी थांबलीच पाहिजे.

कोलशेतकर (ठाणे पश्चिम)

तीन आठवड्यांनी लिहितोय. टायर, बेअरिंग, आरटीओची कामं झाली. गेल्या शनिवारी सगळं सामान भरून मुरबाडहून टोकावड्यापर्यंत जाऊन आलो, आणि जे झालं ते इथं सांगणं मला गरजेचं वाटतं.

परतीला सरळ रस्ता होता, वेग ६५. समोरून बस गेली आणि आरशात ट्रेलरचं शेपूट डावीकडे गेलेलं दिसलं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, पहिल्यापेक्षा जास्त. पाय ब्रेकवर जात होता, पण ग्रीसगन दादांचं वाक्य आठवलं आणि पाय उचलला. स्टिअरिंग धरून बसलो. ४५ वर आल्यावर डोलणं थांबलं. सौ. शेजारी होती, एक शब्द बोलली नाही, गाडी थांबल्यावर फक्त माझा हात धरला.

घरी फळी-वीट-काटा करून बघितलं. एकूण १,२४० किलो, आणि हिचवर भार अवघा ५० किलो.

ग्रीसगन (रबाळे एमआयडीसी)

काका, पाय उचललात, फार चांगलं केलंत. ५० म्हणजे चार टक्के. मागे काय काय ठेवलं होतं?

कोलशेतकर (ठाणे पश्चिम)

ओटा मागच्या भिंतीला आहे, त्याखाली सगळी भांडी, तांदूळ, डाळी आणि पाण्याचे दोन जार. जुन्या मालकानं बॅटऱ्याही मागच्या बिछान्याखाली बसवल्यात, आणि स्टेपनी मागच्या बाहेरच्या कडीवर. हे सगळं मी आज पहिल्यांदा एकत्र बघितलं.

ग्रीसगन (रबाळे एमआयडीसी)

मागच्या टोकाचं वजन दुप्पट छळतं. हिच हलकी करतं ते एक, आणि लांब असल्यानं एकदा हललं की थांबायला तयार नसतं ते दुसरं. बॅटऱ्या धुऱ्याच्या थोड्या पुढे, जमिनीलगत. स्टेपनी पिकअपच्या हौद्यात. जार आणि धान्य धुऱ्याच्या वर, खाली. वरच्या कपाटांत फक्त कपडे. बुधवारी रबाळ्याला आणता का? बॅटऱ्यांची तार मी बदलून देतो.

कोलशेतकर (ठाणे पश्चिम)

काल दिवसभर दादांच्या शेडमध्ये होतो. त्यांनी हातचं काम बाजूला ठेवून माझं केलं, आणि पैसे फक्त तारेचे घेतले. वीस किलो सामान आम्ही कमी केलं, स्टेपनी हौद्यात गेली. आता एकूण १,१९० आणि हिचवर १३०. संध्याकाळी ठाणे-बेलापूर रस्त्यावरून परत येताना शेजारून दोन कंटेनर गेले, आरशात ट्रेलर सरळच्या सरळ होता.

नवा बेत: २२ जानेवारीला पहाटे निघायचं, २६ दिवस. पहिला मुक्काम शिर्डी. दुसरा मेहकरला उतरून लोणार, तिथं दोन रात्री, कारण उल्केनं झालेलं सरोवर सौ.ला काठावर बसून बघायचंय. मग सेवाग्राम, दोन रात्री. पुढे आदिलाबाद, निजामाबाद, हैदराबादच्या बाहेर एक पूर्ण विश्रांती, कुर्नूल, अनंतपूर, होसूर. तोप्पूर सकाळी आठला, पोटभर झोप घेऊन. मदुराई दोन रात्री. कन्याकुमारीला चार, त्या चारांत काहीही ठरवलेलं नाही. परतीचं कोचीला पोचल्यावर ठरवू. कंटाळा आला तर कुठंही एक दिवस वाढवू, घरी कुणी वाट बघत नाही आणि मुलांनाही तसं सांगून ठेवलंय.

सौ.नं जुना शाळेतला भिंतीवरचा नकाशा गुंडाळून ट्रेलरमध्ये ठेवलाय. अर्धा किलो भरला, हिशेबात धरलाय.

एकच शंका राहिली. तिकडे पाण्याच्या नळाला आपली नळी बसेल ना?

भटकी_माई (नवीन पनवेल)

अर्धा इंची नळी न्या, २० मीटर, पिण्याच्या पाण्याची असते ती. बरोबर दोन-तीन मापांचे रबरी जोड आणि स्क्रूच्या क्लिपा. आटे नसलेला गुळगुळीत नळ बऱ्याच ठिकाणी असतो, त्याला क्लिपच लागते. आणि निघायच्या आदल्या रात्री पनवेलला आमच्याकडे जेवायला या, माझ्याकडे दोन जोड जास्तीचे आहेत.